सतरा नंबरची शहाणी

सूर्यफुलाचं तोंड पुसायचं असतं, असं लग्नाआधी कुणी धाकटीला सांगितलं असतं तर ती पदर तोंडावर घेऊन हसली असती. पण असतं तसं. बियाण्याच्या प्लॉटवर नर फुलांच्या ओळी वेगळ्या, मादी फुलांच्या वेगळ्या. हाताला मऊ फडकं गुंडाळायचं, आधी नराच्या पिवळ्या तोंडावरून फिरवायचं आणि मग तेच फडकं शेजारच्या ओळीतल्या मादीच्या तोंडावरून. दाबून घासलं तर फूल दुखावतं, वरवर घासलं तर दाणा पोचट राहतो. लेकराचं तोंड पुसतो ना आपण, गाल न ओढता, अगदी तसं. आणि हे सगळं सकाळी दव सुकल्यावर सुरू करून अकराच्या आत उरकायचं, कारण उन्हं चढली की परागाचा जीव जातो. मग दिवसभर पुसत बसलात तरी फूल काही मनावर घेत नाही.

नेमकं त्याच वेळात, साडेनऊच्या सुमाराला, बांधावरच्या झाडाखाली झोळीत धाकटीची पाच महिन्यांची लेक जागी व्हायची.

सगळं भांडण एवढंच होतं. फुलांची वेळ आणि लेकीची वेळ एक होती.

पूर्वी याचं भांडण नव्हतं. कुणाचं तान्हं रडलं की ती बाई हातातलं फडकं शेजारणीला द्यायची आणि जायची. शेजारीण दोन्ही हातांना फडकी गुंडाळून दोन ओळी ओढायची. याला ‘ओळ धरणं’ म्हणत. मावशीच्या चार पोरांच्या वेळी बायांनी तिची ओळ धरली होती, मावशीनं नंतर किती जणींची धरली याची गणती नव्हती. मावशी म्हणजे कुणाची सख्खी मावशी नव्हे; प्लॉटवरची सगळ्यांत जुनी बाई, आणि तिची जीभ तिच्याहून जुनी.

मग नवा मुकादम आला. गळ्यात कायम शिट्टी लोंबायची म्हणून बायांनी आठवडाभरात त्याचं नाव शिट्टी ठेवलं. गड्यांशी तो तोंडानं बोलायचा, बायांशी शिट्टीनं. एक आखूड म्हणजे कामाला लागा. दोन आखूड म्हणजे पुढची ओळ. एक लांब म्हणजे जिनं कुणी मान वर केलीय तिनं ती खाली घाला.

“घरी बायकोलाही शिट्टीच मारतो म्हणे,” दहावी म्हणाली. सगळ्या बायांत ती एकटीच दहावी पास झालेली, म्हणून दहावी.

“मग येते का ती?” मावशीनं विचारलं.

“ती कुठली येतेय. शेजारचं कुत्रं येतं.”

शिट्टीनं आल्या आल्या लेकुरवाळ्या बाया निवडून त्यांना शेवटच्या ओळी दिल्या. तिथं पंपाचा पाइप गळायचा आणि घोट्यापर्यंत चिखल असायचा. का, म्हणून विचारल्यावर म्हणाला, “दुभती जनावरं पाण्याजवळच बांधतात.” स्वतःच हसला. पंपावरच्या दोन गड्यांनीही हसून घेतलं, कारण त्यांना उद्या सुट्टी हवी होती. मग त्यानं झाडापासून दहा पावलांवर बांधाला आडवी पांढऱ्या फक्कीची रेघ मारली आणि सांगितलं की पोरंबाळं, झोळ्या आणि म्हाताऱ्या या रेघेच्या अलीकडे येणार नाहीत. धाकटीची सासू नातीला घेऊन झाडाखाली बसायची. तिनं दुसऱ्या दिवसापासून आपली जागा हलवली, आणि पायाचा अंगठा बरोबर रेघेवर येईल अशी बसायला लागली. अंगठा अलीकडे की पलीकडे, यावर शिट्टीनं दोन दिवस विचार केला.

त्या सकाळी झोळीतून पहिला हुंकार आला तशी धाकटीच्या छातीत कळ उठली. तिनं मावशीच्या हातात फडकं दिलं आणि चिखलातून पाय उपसला. लगेच लांब शिट्टी वाजली.

“काय गं दुभती, कुठं निघालीस?”

वीस बायांनी ऐकलं. वीस माना फुलांत गेल्या.

“पाजून येते. दहा मिनिटं. माझी ओळ मावशी धरतायत.”

“मावशीला हात किती? चार?”

“दोनच आहेत रे बाबा,” मावशी म्हणाली, “पण तुझ्यासारखे खिशात नाहीत.”

शिट्टीनं तिच्याकडे बघितलंच नाही. मावशीच्या वाटेला जायचं नाही हे तो पहिल्याच दिवशी शिकला होता. “फुलाची वेळ आहे ही. फूल थांबत नाही.”

“लेकरूपण थांबत नाही हो.”

“लेकरू कंपनीचं आहे का? नाही ना. फूल कंपनीचं आहे.” त्यानं काखेतलं मस्टर पुढं धरलं. “जा खुशाल. अर्धी हजेरी लावतो. दोन अर्ध्या तुझ्या आधीच झाल्यात. तिसरी लागली की उद्यापासून घरी बसून पाज.”

धाकटी उभी राहिली. पलीकडे हुंकाराचं रडं झालं, रड्याचा टाहो झाला. सासूनं एक गाणं म्हटलं, मग दुसरं, मग पहिलंच परत. धाकटी वळली, फडकं घेतलं आणि फुलांची तोंडं पुसायला लागली. एप्रनवर छातीपाशी दोन ओले गोल उमटले. ते शिट्टीनं पाहिले.

“बघा, पान्हा फुटला,” तो म्हणाला. “डेअरीला घालायचं का?”

त्या दिवशी धाकटीनं एकशे चाळीस फुलांची तोंडं पुसली. स्वतःचं एकदाही पुसलं नाही.

“दूध कमी होत चाललंय, आई,” घरी जाताना ती सासूला म्हणाली.

“होणारच. विहीर उपसली नाही तर झरे बुजतात.” सासू गुडघ्यावर हात ठेवून एकेक पाऊल टाकत होती. लेक धाकटीच्या खांद्यावर होती आणि एप्रनचा बंद चोखत होती.

“सोडून देऊ का काम?”

“दे की. शेडमध्ये खुंटीला सतरा नंबरचा एप्रन आहेच टांगलेला. शेजारी तुझा नऊ नंबरचा टांगू. त्याला बिचाऱ्याला सोबत होईल.”

सतरा नंबरची बाई सगळ्यांच्या ओळखीची होती. सहावा महिना लागल्यावर शिट्टीनं तिला ओळीतून काढून पाण्याचे डबे वाहायला लावलं होतं. ‘पोट फुलांना लागतं,’ असं कारण दिलं होतं. आठ दिवस तिनं डबे वाहिले. नवव्या दिवशी एप्रनची नीट घडी घातली, खुंटीला अडकवली आणि गेली. मस्टरमध्ये सतराव्या नंबरची ओळ तेव्हापासून कोरी होती.

“तक्रार कर,” सासू म्हणाली.

“तक्रार मुकादमामार्फत द्यायची असते. दहावीनं पाटी वाचलीय.”

“म्हणजे कोंबडीनं फिर्याद घेऊन मुंगसाकडे जायचं.”

“हो.”

“छान आहे,” सासू म्हणाली.

त्याच आठवड्यात पोपटांची धाड पडली. लवकर फुललेल्या ओळींत दाणा भरायला लागला होता आणि पोपटांना ते कुणी कळवलं होतं कोण जाणे. शंभरेक पोपट फुलांवर उलटे लटकून जेवायला लागले. मावशीनं दोन बांबू आडवेउभे बांधले, पेंढा भरला, वर मडकं उपडं घातलं, कोळशानं दोन डोळे काढले. तोंड काढणार तेवढ्यात शिट्टी वाजली, म्हणून तोंड राहून गेलं. अंगात घालायला तिनं खुंटीवरचा सतरा नंबरचा एप्रन घेतला. मुद्दाम घेतला की हाताला लागला म्हणून घेतला, हे तिनं कधी सांगितलं नाही.

बुजगावणं बरोबर प्लॉटच्या मधोमध उभं राहिलं आणि पोपट उठून गेले. शिट्टी कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत राहिला. बघता बघता त्याला विनोद सुचला. काही माणसांना जन्मात एकच विनोद सुचतो, आणि मग तो त्यांना सोडवत नाही.

“ही बघा,” तो बायांना म्हणाला, “याला म्हणतात कामकरी बाई. पाणी मागत नाही, आडोशाला जात नाही, उलटून बोलत नाही, पान्हा फुटत नाही. हिच्याकडून शिका. हिचं नाव शहाणी.”

“वासरांत लंगडी गाय शहाणी,” मावशी पुटपुटली. “हिला तर एकच पाय आहे.”

दुसऱ्या दिवशी हजेरीला शिट्टी सोळापर्यंत आला आणि थांबला. “सतरा. शहाणी.”

बायांनी एकमेकींकडे बघितलं.

“सतरा, शहाणी. तिच्या वतीनं कोण बोलणार?” त्यानं नजर फिरवली. “दुभती, तू बोल. तुला फार बोलायची हौस.”

धाकटी आपल्या चिखलानं भरलेल्या पायांकडे बघत राहिली.

“नाही बोललीस तर तुझीही हजेरी नाही.”

“हजर,” धाकटी म्हणाली.

शिट्टीनं निळ्या शाईनं सतरासमोर नाव घातलं, खूण केली आणि शेऱ्याच्या रकान्यात ऐटीत लिहिलं : वतीनं, नंबर नऊ.

“मस्टरमध्ये खाडाखोड चालत नाही,” फुलांत वाकल्यावर दहावी हळूच म्हणाली. “पहिल्याच पानावर छापलंय. एकदा लिहिलं की लिहिलं.”

“लिहू दे की,” मावशी म्हणाली. “आपल्या हातानं खड्डा खणणाऱ्यानं फावडं मागितलं तर नाही म्हणू नये.”

मग ते रोजचंच झालं. सतरा, शहाणी. हजर. सगळ्या बाया कधी ना कधी एखादा दिवस खाडा करायच्या. कुणाचं पोर तापलं, कुणाची कंबर धरली. शहाणीचा एकही खाडा नाही. वाऱ्यावावटळीतही ती आली, म्हणजे तिथंच होती. शिट्टी दर आठवड्याला तिला उत्कृष्ट कामगार ठरवायचा आणि तिच्या गळ्यात फुलांचा हार घालायचा, तोही कंपनीच्याच फुलांचा. एकदा तिच्या मडक्यावर एक पोपट निवांत बसलेला दिसला, तर म्हणाला, “बघा, स्वभावानं किती गरीब.” त्याच्या बोलण्यावर आता पंपावरचे गडीही हसेनासे झाले. पण तो थांबायला तयार नव्हता. विनोद एकदा मस्टरमध्ये चढला होता, आणि मस्टरमधलं नाव काढायचं तर कारण लिहावं लागतं. काय लिहिणार? मेली? राजीनामा दिला?

बायांनाही हळूहळू शहाणीची सवय झाली. येताजाता तिला ‘काय गं, झोप लागली का’ असं विचारायच्या. दहावी तिच्या एप्रनच्या खिशात कंगवा ठेवायची. ओळ पुढं सरकत शहाणीपाशी आली की धाकटी फडकं फिरवता फिरवता तिच्याशी बोलायची. आज लेक पालथी पडली. आज पावडरचं दूध दिलं, तर तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी कुणी दुसरीच. मला आता स्वप्नात पण शिट्टी ऐकू येते बघ, आणि मी मान खाली घालते. शहाणी ऐकून घ्यायची. तोंड नसलेल्या माणसाशी बोलायला बरं असतं. ते मधे बोलत नाही.

एकेचाळिसाव्या दिवशी कंपनीची जीप आली.

जीपमधून एक मॅडम उतरल्या. बारीक अंगाच्या, चष्मा लावलेल्या, आणि हातातली फाइल दोन्ही हातांनी छातीशी धरलेल्या. सकाळचे सव्वानऊ झाले होते. फूल थांबत नाही म्हणणाऱ्या शिट्टीनं मॅडमसाठी फुलं थांबवली आणि सगळ्या बायांना शेडमध्ये गोळा केलं. पहाटेच पाणी दिल्यामुळं प्लॉटमध्ये चिखल होता, म्हणून मॅडमसाठी शेडमध्येच टेबल मांडलं.

“कंपनीचा नवा नियम आहे,” मॅडम म्हणाल्या. आवाज कागदासारखा, सरळ आणि कोरा. “प्रत्येक प्लॉटवर तक्रार समिती करायची. समितीत कामकरी बायांची एक प्रतिनिधी. वशिलेबाजी नको म्हणून जिची हजेरी सगळ्यांत जास्त, तीच प्रतिनिधी.”

“हजर तो वजीर,” मावशी म्हणाली.

“बरोबर.” मॅडमनी मस्टर उघडलं आणि बोट रकान्यातून खाली नेलं. बोट सतरावर थांबलं. “एकेचाळीस दिवसांत एकही खाडा नाही. कौतुक आहे. शहाणी. आडनाव लिहिलेलं नाही.”



शिट्टी आधी हसला. मग कुणीच हसत नाही हे बघून थांबला. “मॅडम, ते म्हणजे… ते आपलं…”

“ही सही तुमची?”

“माझीच.”

“‘रोज समक्ष मोजून हजेरी लावली,’ असं छापलंय आणि त्याखाली तुमची सही आहे. खोटी हजेरी लावली तर काय होतं, तेही इथंच छापलंय. वाचू?”

“नको, माहीत आहे.”

“मग शहाणी आहे ना?”

शिट्टीच्या कपाळावर घाम आला. विनोद असा उलटा फिरून आपल्याच अंगावर येईल हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. विनोद होता म्हणावं तर नोकरी जाते, खरं आहे म्हणावं तर बुजगावणं बाई होतं. त्यानं एकदा मस्टरकडे बघितलं, एकदा बायांकडे.

“आहे,” तो म्हणाला.

“बोलवा.”

“ती कामात आहे.”

“कामाला फार चिकट बाई, मॅडम,” मावशी म्हणाली. “जागची हलत नाही.”

मॅडम उठून शेडच्या दाराशी गेल्या आणि कपाळावर हात धरून बघितलं. लांबवर, पिवळ्या डोक्यांच्या वर, निळा एप्रन दिसत होता.

“तिनं हात असे का पसरलेत?”

“फुलांवरून फिरवायला,” शिट्टी म्हणाला. एकदा खोटं बोलायला लागलं की ते आपलं आपणच चालतं.

“कधीपासून उभी आहे?”

“एकेचाळीस दिवस,” दहावी म्हणाली. दहावी खोटं बोलत नसे.

“मॅडम, तिला प्रतिनिधी करण्यात अर्थ नाही,” शिट्टी घाईनं म्हणाला. “तिला बोलता येत नाही. मुकी आहे.”

“मुकी आहे म्हणून डावलायचं, असं तुमचं म्हणणं आहे? मला तसं लिहून द्या.”

“नाही, नाही. माझं काही म्हणणं नाही.”

मॅडम परत टेबलाशी बसल्या. “तुम्हीच शेऱ्यात सोय करून ठेवलीय. वतीनं, नंबर नऊ. रोज लिहिलंय. नंबर नऊ कोण?”

मावशीनं धाकटीच्या पाठीत कोपर मारलं. धाकटी पुढं आली. स्वतःसाठी बोल म्हणाल्या असत्या तर तिच्या तोंडून शब्द निघाला नसता. निघाला असता तर ‘काही नाही, मॅडम’ असा निघाला असता. एवढे दिवस तेच निघत होतं.

“शहाणीची काही तक्रार आहे?” मॅडमनी विचारलं.

धाकटीनं दाराबाहेर बघितलं. शहाणी हात पसरून उभी होती, जसं काही म्हणतेय की सांग की, मी थोडीच सांगणार आहे.

“शहाणी म्हणते,” धाकटी म्हणाली, “मला पाणी मिळत नाही.”

मॅडमनी लिहिलं. “मुकादम, खरं आहे?”

“तिनं कधी मागितलंच नाही.”

“मुकी आहे म्हणालात ना?” मॅडमनी पुढची ओळ घेतली. “अजून?”

“शहाणी म्हणते, मला सावलीत जाऊ देत नाहीत. बांधावर रेघ मारून ठेवलीय.” आवाज तिचा तिलाच नवा वाटत होता. “शहाणी म्हणते, माझं नाव घेऊन दुसऱ्या बायांना टोचतात. हिला तहान नाही, हिला पोर नाही, हिच्याकडून शिका म्हणतात. मला ते आवडत नाही. मी बायांच्या विरुद्ध उभी नाही. मी पोपटांच्या विरुद्ध उभी आहे.”

मागं कुणीतरी खोकल्यासारखं केलं. शिट्टी मान डोलवत होता. मान डोलवण्यावाचून त्याला काही उरलं नव्हतं.

“शहाणी म्हणते, बायांना जनावरांची नावं ठेवतात. अंगावरच्या ओल्या डागांना हसतात. शहाणी म्हणते, हा एप्रन माझा नाही. ज्या बाईचा होता तिला सहाव्या महिन्यात पाण्याचे डबे वाहायला लावले, म्हणून ती गेली. तिचा नंबर तिला परत द्या. मी काय, नंबराशिवायही उभी राहीन.”



तेवढ्यात झाडाखालून रडं आलं. साडेनऊ वाजले होते. धाकटीचे शब्द संपले, छातीत कळ उठली आणि एप्रनवर दोन गोल उमटायला लागले. तिनं हात वर घेऊन ते झाकले. आणि तिला दिसलं, की मॅडमचं पेन थांबलंय. टेबलावर ठेवलेली फाइल त्यांनी उचलली आणि छातीशी घट्ट दाबून धरली. कागद कुणी असे धरत नाही. जिला माहीत आहे तिलाच कळावं असं ते धरणं होतं. या बाईचंही कुणीतरी कुठंतरी, कुणाच्या तरी मांडीवर, आत्ता जागं झालं होतं.

“शहाणी म्हणते,” धाकटी हळूच म्हणाली, “नंबर नऊच्या पोरीची वेळ झालीय.”

“जा,” मॅडम म्हणाल्या. “शहाणीला सांगा, तक्रार मंजूर आहे. लिहिणं मागून होईल.”

धाकटी धावली. फक्कीच्या रेघेवरून गेली तेव्हा पायाच्या चिखलानं ती रेघ अर्धी पुसली गेली. उरलेली अर्धी सासूनं बसल्या जागेवरून अंगठ्यानं पुसली.

झाडाखालून, लेकीला पदराआड घेऊन, पुढचं तिनं लांबूनच बघितलं. मॅडम शेडमधून निघाल्या आणि बूट घातलेल्या पायांनी सरळ चिखलात उतरल्या. मागं शिट्टी, ‘मॅडम, बूट खराब होतील’ म्हणत. त्याच्यामागं वीस बाया. मॅडम शहाणीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. उपड्या मडक्याकडे, कोळशाच्या डोळ्यांकडे, बाहीतून आलेल्या पेंढ्याकडे त्यांनी पुष्कळ वेळ बघितलं. शिट्टीचा चेहरा त्यानंच मारलेल्या फक्कीसारखा झाला होता. मग मॅडमनी शहाणीच्या एप्रनचं वरचं सुटलेलं बटण लावलं.

“थकलेली दिसते,” त्या म्हणाल्या.

“हो,” शिट्टी म्हणाला.

मावशीनं पुढचं सगळं नंतर शब्दन्‌शब्द सांगितलं. प्रत्येक बाईला सकाळच्या पाळीत दोनदा वीस मिनिटं सावली आणि पाणी, आणि जिचं तान्हं असेल तिला ते मागेल तेव्हा. ओळ शेजारणीनं धरायची, हजेरी पूर्ण लागायची. लागलेल्या अर्ध्या हजेऱ्या पूर्ण करायच्या. सतरा नंबरच्या बाईला कंपनीनं चिठ्ठी पाठवून बोलवायचं. बायांना मस्टरमध्ये आहे त्या नावानं हाक मारायची. “आणि शहाणी भिडस्त दिसते, स्वतःहून सावलीत जाणार नाही,” मॅडम म्हणाल्या. “तेव्हा मुकादम, तिला तुम्ही न्यायचं. दिवसातून दोनदा. पंधरा दिवसांनी मी मस्टर बघायला येईन. एक दिवस जरी चुकला, तर मी विचारीन, शहाणी कोण. आणि मग नीट विचारीन.”

जीप गेली. शिट्टी बराच वेळ शहाणीपाशीच उभा होता. दोघांत उभं राहण्याचा सराव शहाणीला जास्त होता.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला शिट्टीनं शहाणीला उपसलं, खांद्यावर घेतलं आणि चिखलातून झाडाकडे निघाला. पेंढा त्याच्या कॉलरमध्ये गेला, मडकं पाठीवर आपटत राहिलं. त्यानं तिला धाकटीच्या सासूशेजारी खोडाला टेकवून बसवलं.

“बस गं बाई,” सासू शहाणीला म्हणाली. “दमली असशील.” मग शिट्टीला, “पाणी?”

“हिला?”

“सगळ्यांना म्हणाल्यात.”

शिट्टीनं लोटाभर पाणी आणून शहाणीसमोर ठेवलं. तेवढ्यात मागं फडफड झाली. पोपट मूर्ख नव्हते. मधली जागा रिकामी झालेली त्यांनी पाहिली होती. शंभरेक पोपट एकदम फुलांवर उतरले. शिट्टी पळाला. हात हलवले, उड्या मारल्या, शेवटी मधल्या खड्ड्यात जाऊन दोन्ही हात पसरून उभा राहिला आणि शिट्टी फुंकत राहिला. पोपट उडाले. तो हात खाली घेई, ते परत येत. वीस मिनिटं तो तसाच उभा होता. दुपारच्या आधी आणखी वीस.

तिसऱ्या दिवशी पोपटांना शिट्टीची सवय झाली. एक तर त्याच्या टोपीवर बसला.

सतरा नंबरच्या बाईचा निरोप आला. पोरगा झालाय, तो दोन महिन्यांचा झाला की येते. माझी ओळ कुणी धरेल का? मावशीनं उलट निरोप धाडला की धरलीय, पहिल्या दिवसापासून धरलीय, आणि जिनं धरलीय तिचा एकही खाडा नाही. त्याच दिवशी तिनं कोळसा घेऊन शहाणीला तोंडही काढलं. घाईत काढलं, म्हणून ते एका बाजूनं हसरं झालं.

हजेरीला आता शिट्टी नऊवर आला की धाकटीचं नाव घ्यायचा, पुरं, मस्टरमधलं. पहिल्या दिवशी तिनं ओच दिली नाही. इतके दिवस दुसऱ्याच हाकेला मान खाली घातली होती. आपल्या नावाला मान वर करायला क्षणभर लागला. सतरावर आल्यावर मात्र तो फक्त ‘सतरा’ म्हणून घुटमळायचा, आणि वीस बाया एका आवाजात हजर म्हणायच्या.

साडेनऊ वाजले. धाकटी झाडाखाली बसली होती, लेक मांडीवर. पलीकडे तिच्या ओळीत मावशी दोन्ही हातांना फडकी गुंडाळून सरकत होती. मधोमध शिट्टी हात पसरून उभा होता.

“हे नवं बुजगावणं दिसायला बरं आहे,” सासू डोळे बारीक करून म्हणाली. “पण पाखरं काही भीत नाहीत त्याला.”

“पाखरांना अक्कल असते, आई. आत पेंढा आहे हे त्यांना आपल्या आधी कळतं.”

लेकीनं प्यायचं मधेच थांबवलं, मान वळवली, शेजारी बसलेल्या शहाणीकडे बघितलं आणि तोंडभर दूध तसंच ठेवून हसली. दूध गालावरून ओघळलं. धाकटीनं हाताचं फडकं तसंच पुढं करून तिचं तोंड पुसलं, दाबून नाही, वरवरही नाही. गालावर पराग लागला आणि लेक पिवळी झाली.

अकरा वाजायला अजून पुष्कळ वेळ होता.